काशीला सोडलेलं दूध

१९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यातला शनिवार. ठाण्याच्या एका लॅबोरेटरीत रक्त तपासणीचे तीनशे चाळीस रुपये रोख भरले. हजर माणसं तीन: तू, मी आणि सुलभा. तुझ्या मांडीवर चादरीत बांधलेलं गाठोडं होतं आणि रक्त काढतानाही तू ते खाली ठेवायला तयार नव्हतीस.

ताई, तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. भेटायला माणसं येतात. त्यांना मी तुझं वय सांगतो, हार्टचं सांगतो, नर्सिंग होममध्ये कधी नेलं ते सांगतो. ती मान हलवतात, चहा घेतात आणि "फार वाईट झालं" म्हणून जातात. दार लावलं की मला तो शनिवार आठवतो आणि वाटतं, नाही हो, तितकं वाईट नाही झालं. सख्खी बहीण गेल्यावर असं वाटणं शोभत नाही, हे मला कळतं. पण रडू थोडं येतं आणि हायसं जास्त वाटतं, हे खरं आहे. सुलभाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग ताईंनाच लिहा. त्या चिडल्या तरी आता तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार नाही."

म्हणून लिहितो.

आईची शेवटची दोन वर्षं तुझ्या घरात गेली. ती तुलाच विचारायची, "अहो बाई, आमची कुसुम शाळेतून आली का हो?" आणि तू कणीक मळता मळता म्हणायचीस, "येईल हं, एवढ्यात येईल." आई गेली, दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आपण दोघं ओट्यापाशी भांडी पुसत उभे होतो तेव्हा तू म्हणालीस, "श्री, मला काहीही होऊ दे. कॅन्सर होऊ दे. पण हे नको."

"असं आपल्या हातात असतं का?"

"नसतं रे. म्हणून तर तुला सांगून ठेवते."

काय सांगून ठेवलंस ते तेव्हा मला नीटसं कळलं नाही. पण तू कशाला घाबरतेस ते कळलं. तू विंचवाला घाबरत नव्हतीस, सासूला घाबरली नाहीस, नगरपालिकेच्या माणसाला तर तूच घाबरवायचीस. एवढी एकच भीती तुला होती.

भाऊजी गेले पंच्याऐंशी साली, ध्यानीमनी नसताना. अस्थी घेऊन आपण काशीला गेलो. विधी झाल्यावर गुरुजी म्हणाले, "आता आवडीचं काहीतरी इथं सोडून जायचं. पुन्हा जन्मभर खायचं नाही." मी पटकन म्हटलं, "कारलं." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्यांना सवय असावी. तू मात्र पायरीवर बसल्या बसल्या म्हणालीस, "आवडतं सोडायचं असतं, श्री. कारलं तू आईच्या पोटात असल्यापासून सोडलंयस."

मग तू तुझं सांगितलंस. दूध. आणि दुधाचं जे जे म्हणून असतं ते सगळं: दही, ताक, तूप, खरवस, चहातलं ते चमचाभरसुद्धा. मला वाटलं, बाई चहाची शौकीन, फार तर महिनाभर टिकेल. मी तुझा सख्खा भाऊ, पण तुला ओळखण्यात कच्चा निघालो. डोंबिवलीला परत आल्यापासून तू कोरा चहा घ्यायला लागलीस आणि कोणी विचारलं तर "मला असाच आवडतो" म्हणायचीस. सुलभाने श्रावणात तुझ्यासाठी नारळाच्या दुधाची खीर केली तर तू वाटीकडे बघत विचारलंस, "यालाही दूधच म्हणतात ना?" आणि वाटी सरकवून ठेवलीस.

चार वर्षं सगळं ठीक चाललं. निदान आम्हाला तसं वाटलं. आमच्या दारासमोरच्याच तुझ्या खोलीत दहावीच्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या चालू होत्या. मी मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातून, हिशेबाचं डोकं घेऊन घरी यायचो तेव्हा जिन्यातच तुझा आवाज यायचा, "लिहू नका, लिहू नका! आधी तोंडी." आमच्या ऑफिसात तेव्हा कॅलक्युलेटर आले होते. तू त्यांना "कुबड्या" म्हणायचीस.

मग आवाज कमी झाला. नक्की कधी ते मला सांगता येत नाही, आणि मला हे सांगता येत नाही याची चुटपुट आहे, कारण मला सगळं कधी झालं ते सांगता येतं. तू खिडकीपाशी बसायला लागलीस. हाक मारली तर जरा थांबून वळायचीस. पायांत मुंग्या येतात म्हणायचीस, तिखट सोसत नाही म्हणायचीस, जीभ लाल आणि गुळगुळीत दिसायची. "भाऊजींच्या आठवणीने खंगली," असं सगळी बिल्डिंग म्हणत होती. तूही तेच म्हणत होतीस. पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. मग एकांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पण विसरणं थांबलं नाही. गॅसवर भांडं राहायचं. एकदा तू जिन्यात उभी राहून मला विचारलंस, "मी वर चालले होते की खाली?" आणि विचारताना हसलीस. ते हसू मला बघवलं नाही.

शिकवणीतल्या मुली एकेक करून गेल्या. त्यांच्या आयांनी काही तक्रार केली नाही, "क्लास लावलाय" एवढंच सांगितलं. शेवटच्या मुलीला तू स्वतःच म्हणालीस, "तू दुसरीकडे जा बाळ. मला सतराचा पाढा येत नाही."

त्या रात्री जेवताना मी सुलभाला म्हटलं, हे आईचंच. सुलभा म्हणाली, "अजून कोणी नीट बघितलं कुठाय?" ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याला ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंचा गुण आला होता. मनाच्याच डॉक्टर, पण घाईने गोळ्या लिहून देत नाहीत, असं तो सांगायचा. मी शनिवारची वेळ घेतली. गुरुवारी संध्याकाळी तुझ्या दारातून, चपलाही न काढता, तुला सांगितलं, "ताई, परवा ठाण्याला जायचंय. तयार राहा."

तू म्हणालीस, "बरं."

आता बघ, 'ठाण्याला' म्हटलं की आपल्याकडे काय ऐकू येतं? ठाण्यात तलाव आहेत, कलेक्टर कचेरी आहे, निम्म्या डोंबिवलीचे मामा तिथं राहतात. पण लहानपणापासून आपण एकमेकांना काय म्हणत आलो? "याला ठाण्याला पाठवा." आत्याचं बोलणं भरकटलं की "हिची ठाण्याची वेळ झाली." वेड्यांच्या इस्पितळामुळे अख्ख्या शहराच्या नावाचा असा अर्थ होऊन बसलेला. मी रोज शंभर वेळा ठाणं ऐकणारा आणि बोलणारा माणूस. मला हे सुचलंच नाही.

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी केली, कारण तुला स्टेशनचा पूल चढवत नव्हता. तू साडी नेसून तयार होतीस, केस नीट विंचरलेले, कितीतरी दिवसांनी. हातात ते गाठोडं. सुलभाला तू घराच्या किल्ल्या दिल्यास आणि सांगितलंस, "तुळशीला पाणी घाल. गॅसची नळी बदलायची झालीय." सुलभाला वाटलं, दिवसभराचं सांगतायत. मी गाठोड्याबद्दल विचारलं तर म्हणालीस, "राहू दे, लागेल ते." मी म्हटलं असेल काहीतरी, मुकाट्याने येतेय तेच पुष्कळ.

शीळ फाटा गेला, मुंब्र्याचा डोंगर गेला. कळव्याचा पूल आला तेव्हा खाडीकडे बघत म्हणालीस, "श्री, रविवारी येत जाशील ना रे?"

"कुठं?"

"दर रविवारी नाही जमणार, मला कळतं. पण येशील तेव्हा एक करायचं. मी विसरले असेन तर मला सांगायचं की माझं लग्न झालं होतं. नाव सांगायचं त्यांचं. मला पटलं नाही तरी सांगायचं."

पुढे बसलेली सुलभा एकदम मागे वळली. मला समजायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग मी असा काही ओरडलो की ड्रायव्हरने गाडीच बाजूला घेतली. "अगं ताई! त्या ठाण्याला नव्हे गं! डॉक्टरकडे! रक्त तपासायला! संध्याकाळी घरी जायचंय आपल्याला!"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मग नुसतं ठाण्याला कशाला म्हणतोस, गाढवा? नीट सांगायला काय होतं?"

आपण तिघं रस्त्याच्या कडेला गाडीत बसून रडलो आणि हसलो. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, पानी आणू काय?" पण ताई, तुला एक सांगायचं राहिलं. तू "बरं" म्हणाली होतीस. गुरुवारपासून शनिवारपर्यंत तू आपण कायमचं तिकडे चाललोय असं धरून चालली होतीस, आणि भांडली नाहीस, आम्हाला जड होऊ नये म्हणून केस विंचरून तयार झालीस. सांगून ठेवते म्हणाली होतीस ते हेच होतं का? मी तुला कधी विचारलं नाही. तूही पुढे हा किस्सा सगळ्यांना माझी फजिती म्हणून सांगायचीस, "आमच्या श्रीने मला वेड्यांत काढलं" म्हणून. तुझी फजिती म्हणून कधी सांगितला नाहीस, कारण ती तुझी नव्हतीच.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. गाठोडं बघून त्यांनी विचारलं आणि सुलभाने सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तुला म्हणाल्या, "बाई, काय काय घेतलंत यात?" तू उघडून दाखवलंस. दोन साड्या, टॉवेल, भाऊजींचा फोटो, जपाची माळ, चष्म्याचा जुना नंबर लिहिलेला कागद.

"चष्म्याचा नंबर कशाला?"

"फुटला तर तिथल्या लोकांना कुठून कळणार?"

मग त्यांनी तुला शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. तू म्हणालीस, त्र्याण्णव. शहाऐंशी. आणि थांबलीस. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दहावीला वीस वर्षं गणित शिकवणारी बाई शहाऐंशीपाशी थांबली आणि तिचे डोळे भरले. "येत नाही हो," तू म्हणालीस. "मला हे यायचं."

"येत नाही हे तुम्हाला कळतंय आणि त्याचं वाईट वाटतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्यांची बुद्धी खरोखर झडत चाललेली असते ना, ते बहुतेक वेळा मला सांगतात की सगळं उत्तम आहे."

ताई, मला त्या वाक्यापासून हायसं वाटायला लागलं. ते आजपर्यंत संपलेलं नाही.

मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी म्हटलं, शाकाहारी. साधं जेवण. सोमवार, संकष्टी. त्या लिहून घेत होत्या. सुलभा म्हणाली, "दूध घेत नाहीत त्या. काशीला सोडलंय."

पेन थांबलं. "कधी?"

"पंच्याऐंशीला."

"दही? ताक? पनीर, काही?"

"काहीच नाही."

"आणि हे आजवर कोणत्याही डॉक्टरला सांगितलं नाहीत?"

सगळं सांगितलं होतं आम्ही. जुनं अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं होतं, आईचं सांगितलं होतं, भाऊजींचं तर सांगितलंच होतं. पण नेम कोण सांगतो डॉक्टरला? तो आजार नाही, पथ्य नाही, तो देवाच्या खात्यातला विषय. मी इतका चोख माणूस, एकेक पावती जपून ठेवणारा, आणि हा एक खर्च मी कुठंच मांडला नव्हता.

त्यांनी तुझी जीभ पाहिली, पायाच्या अंगठ्याला एक कंप पावणारा चिमटा लावून पाहिला आणि मग मला समजेल असं सांगितलं. मन खचलं की डोकं मंद चालतं, आठवत नाही, सुचत नाही. पण रक्तात एखादं द्रव्य कमी पडलं किंवा नको ते साठलं तरीही तसंच होतं. बाहेरून दोन्ही एकसारखी दिसतात आणि पुष्कळदा एकत्रच नांदतात. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व भाजीत, डाळीत नसतं, शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळतं. अंगात साठा असतो म्हणून काही वर्षं कळत नाही, मग एकेक दिवा मंद व्हायला लागतो. "रक्त बघितल्याशिवाय मी गोळी वाढवणार नाही," त्या म्हणाल्या.

"रक्तावरून डोक्याचं कळतं?" मी विचारलं.

"थोडं कळतं. पुढे जास्त कळायला लागेल. आज जेवढं कळतं तेवढं तरी बघू या."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. असायला हवा त्या खालच्या रेघेच्याही कितीतरी खाली आकडा. मी तो तीनदा वाचला. कमी आकडा बघून आनंद झाल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हणजे किती टक्के दुःख आणि किती टक्के रक्त?" त्या हसल्या. "तो हिशेब होत नाही हो."

आता इंजेक्शनं. तू विचारलंस, "कशापासून करतात?" मी मनात म्हटलं, आलं संकट. त्या म्हणाल्या, जिवाणूंकडून, कारखान्यात. गाय-बैल काही नाही.

"जिवाणू म्हणजे जीवच की."

"दह्यातही असतात, बाई."

"दही मी सोडलंय."

मग तूच मार्ग काढलास, मान वर करून, अगदी जुन्या आवाजात: "मी काशीला तोंडाने घ्यायचं सोडलंय. दंडाने नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल, मी दंडातच देणार आहे." त्या दिवसापासून त्यांनी तुझ्याशी कधी वाद घातला नाही. मी मात्र घातला, पुष्कळ.

इंजेक्शनं द्यायला मानपाड्याच्या पाटीलबाई यायच्या, दवाखान्यातल्या नर्स. त्या दारातूनच सुरू व्हायच्या, "काय गो बाय, झालीस का तयार? माझी मासली खाल्ली असतीस तर ही सुई कशाला लागली असती?" तू म्हणायचीस, "तुमची मासली तुम्हालाच लखलाभ. हळू टोचा." त्या म्हणायच्या, "हळूच टोचते गो, तुझा हात हाय का काटकी!" आणि तुम्ही दोघी मग अर्धा तास त्यांच्या सुनेवर बोलत बसायचात. तू कोणावर तरी अर्धा तास बोलतेस, हे ऐकायला मी दार उघडं ठेवायचो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सुलभाने कारल्याची भाजी केली होती. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "मला नको, काशीला सोडलंय." तू पानावर मान खाली घालून बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सोडायला आधी धरलं कधी होतंस?"

सुलभाच्या हातातला डाव ताटात पडला. मी जेवण टाकून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बाहेरून तुझा आवाज आला, "काय गं, याला काय झालं?" आणि सुलभा म्हणाली, "काही नाही ताई, मिरची लागली." माझी बहीण परत आली होती आणि आल्या आल्या मला टोमणा मारून बसली होती.

सगळं एकदम नाही आलं. पायांच्या मुंग्या थोड्या राहिल्याच. डिप्रेशनची गोळी वर्षभर चालू होती. पण पुढच्या जूनमध्ये तू दारावर पाटी लावलीस आणि पहिल्या दिवशी मुली बसल्या तेव्हा जिन्यात आवाज आला, "लिहू नका! आधी तोंडी."

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, "काही नव्हतं हो, रक्तात बी-बारा कमी होतं." मला ते सांगताना इतकं मोकळं वाटायचं. एकदा तू मला सगळ्यांसमोर थांबवलंस आणि पाहुणे गेल्यावर म्हणालीस, "काही नव्हतं?"

"म्हणजे तसं नाही..."

"मी यांच्यासाठी पाच वर्षं झुरले, श्री. आणि तू लोकांना सांगतोस की बाटलीतलं औषध कमी होतं. सुईने टोचलं आणि नवरा गेल्याचं दुःख गेलं?"

"पण रिपोर्टमध्ये आकडा होता, ताई."

"तुला आकडा दिसला की तू सुटतोस. मला नाही सुटायचं होतं."

मी म्हटलं, दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक मनाचं आणि एक रक्ताचं. तू म्हणालीस, तू वेगळं काढून दाखव. डॉक्टरबाईंनाही जमलं नव्हतं ते मी पाच वर्षं करून दाखवायचा प्रयत्न करत होतो. प्रत्येक वेळी तू शेवटी म्हणायचीस, "जाऊ दे, तुला नाही कळायचं," आणि मी म्हणायचो, "तुलाच कळत नाही."

मागच्या गणपतीत मात्र तू वाद न घालता एक सांगितलंस. आरतीनंतर प्रसादाचे पेढे वाटून झाले, तू तुझा पेढा न खाता सुलभाच्या हातावर ठेवलास. मी म्हटलं, "आता पुरे ना गं तो नेम. इंजेक्शनं घेतेसच." तू म्हणालीस, "आमच्याकडे दूध कोण आणायचं, माहीत आहे?"

मला माहीत होतं. पहाटे केंद्रावर बाटल्यांची पिशवी घेऊन भाऊजी जायचे, पावसात, थंडीत. लग्न झाल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत. तू एक दिवसही गेली नव्हतीस, ते तुला जाऊ द्यायचे नाहीत. तू एवढंच विचारलंस आणि आत निघून गेलीस. मी तिथं उभा राहिलो, पण बोललो काही नाही. आपण दुसऱ्या दिवशी मोदकांच्या उकडीवरून भांडलो आणि ते तसंच राहिलं.

आता बोलतो. तुझं बरोबर होतं, ताई, आणि डॉक्टरबाईंचंही. रक्तात जे कमी पडलं ते तू दूध सोडलंस म्हणून, आणि दूध सोडलंस ते आणणारा गेला म्हणून. मी दोन खाती मांडत बसलो होतो, ते एकच होतं. तुझं दुःख खोटं ठरवणारा रिपोर्ट नव्हता तो. ते दुःख कुठवर जाऊन पोचलं होतं, एवढंच त्यात लिहिलं होतं. हे मी तुला मागच्या गणपतीतच सांगायला हवं होतं. तू म्हणाली असतीस, "इतकी वर्षं लागली?" ते मला ऐकायचं होतं.

तरीही मला हायसं वाटतं, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. नर्सिंग होममध्ये तरुण डॉक्टर तुला तपासायला आला. छातीला वायरी लावलेल्या, नाकाला नळी. त्याने तुझं डोकं ठिकाणावर आहे का बघायला विचारलं, "आजी, सांगा बघू, आपले पंतप्रधान कोण?"

तू श्वास घेत घेत म्हणालीस, "कुठले सांगू? सकाळचे की संध्याकाळचे? रोज बदलतात."

तो हसत सुटला. तू मला म्हणालीस, "याला वार तरी विचारायला सांग, तो पक्का असतो." मग सुलभाला डबा आणू नको म्हणून सांगितलंस, भाऊजींचा फोटो कुठं ठेवलाय ते सांगितलंस, आणि मला म्हणालीस, "तू घरी जा श्री, तुझे डोळे लाल झालेत." प्रत्येकाला त्याच्या नावाने. आईने तुला शेवटी काय म्हणून हाक मारली होती, ते मला आठवत होतं. तुलाही आठवत असणार. मी जिना उतरलो तेव्हा मला वाटलं, आता काहीही झालं तरी ते झालं नाही. पहाटे फोन आला.

तुझं तेरावं झालं त्या संध्याकाळी मी तुझ्या दहावीच्या मुलींच्या घरी गेलो. पाच मुली, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. फेब्रुवारीची साठ रुपये फी तू एक तारखेलाच घेतली होतीस. मी प्रत्येकीच्या आईपुढे पैसे ठेवले. कोणी घेईना. पहिल्याच घरी त्या बाई म्हणाल्या, "अहो काका, काय हे? नर्सिंग होममध्ये नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत शिकवत होत्या त्या. त्रिकोणमिती संपवली. हिच्या उत्तरातली चूक फळ्याकडे पाठ करून सांगितली त्यांनी!" मी म्हटलं, "मला माहीत आहे. म्हणून सगळे आणलेच नाहीत."

पाच मुलींच्या पाच आयांना प्रत्येकी तीस, एकूण दीडशे रुपये परत केले. चौदा तारखेपर्यंतचे दीडशे ठेवून घेतले. ते तू शिकवलेले होते.